बांडी फीत

पिशोरच्या माळावर आप्पा मेंढरं राखायचे, तेव्हाची गोष्ट. पशुगणनेचा एक कारकून घामाघूम होत त्यांच्या मेंढवाड्याशी आला, टोपीनं वारा घेत दगडावर बसला आणि पेन काढून म्हणाला, "आप्पा, मेंढरं किती?"

"हायेत."

"हायेत म्हंजी किती?"

"देवाच्या दयेनं भरपूर."

"भरपूर असा रकाना नाय कागदात."

"मग पाडा की एक. पेन तुमच्याच हातात हाय."

कारकून चिडला. "मी शून्य लिहीन बरं का."

"लिवा. शून्यात मावली तर मलाबी बरं. राखायचं काम कमी."

शेवटी कारकुनानं स्वतःच मोजायला घेतलं. मेंढरं काय एका जागी उभी राहतात? अर्ध्यावर आला की एखादी मागची पुढं घुसायची आणि तो पुन्हा पहिल्यापासून लागायचा. कंटाळून त्यानं चहा घेतला, मनाला आला तो आकडा टाकला आणि कन्नडची गाडी धरली. आप्पांची लेक अंबिका तेव्हा दारात बसून पाटीवर बेरजा करत होती. तिनं विचारलं, "आप्पा, मोजत कामून नाय आपण?"

मोजलं की कळप घटतो, असं त्यांच्याकडं सगळेच म्हणायचे. आप्पांचं कारण मात्र घरचं होतं. ते म्हणाले, "मोजणारा आकडा धरून बसतो, तोंड बघत नाय. आकडा जुळला की निजतो. अन् सकाळी कळतं, आपली काळतोंडी गेली अन् भलत्याचीच एक येऊन बसली. आकडा बराबर, मेंढरू दुसऱ्याचं."

म्हणून त्यांच्या कळपात प्रत्येकीला नाव होतं. लंबकानी, काळतोंडी, मुकी, आणि अंगावर पांढरे-काळे पट्टे असलेली बांडी. संध्याकाळी आप्पा वाड्याच्या तोंडाशी उभे राहून तोंडं बघायचे. एखादं तोंड दिसलं नाही की हातात काठी घेऊन निघायचे. अंबिकाच्या डोक्यात हे जे बसलं ते कायमचं बसलं. पुढं एका शिकलेल्या माणसाशी तिची जी जुंपली, ती याच गोष्टीवरून.

अंबिका कन्नडला शिकली, मग शहरात आली. शहर म्हणजे तेव्हाच्या पाट्यांवरचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. भौतिकशास्त्र घेऊन पुढं पुढं जात ती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत पीएचडीला लागली. मार्गदर्शक होते पाथ्रीकर सर. मोठा मेहनती माणूस. अर्धी यंत्रं त्यांनी मोडीतून भाग आणून स्वतः उभी केलेली.

पहिल्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा आप्पांनी विचारलं, "काय करू राहिली तू तिथं?"

"धातूच्या फिती."

"म्हंजी पत्रे?"

"पत्रे नाय. आपलं जर्मनचं पातेलं असतं ना, ते ॲल्युमिनियम. त्यात थोडं निकेल घालायचं अन् थोडं सिरियम. बिडी पेटवायच्या लायटरमधी ठिणगीचा खडा असतो, त्यात असतं ते. त्या जातीच्या धातूंना दुर्मिळ मृदा म्हणतात."

"नाव मातीचं अन् जात धातूची? बरं. मग?"

"सगळं वितळवायचं अन् एका क्षणात थंड करायचं. सावकाश थंड केलं तर आतले कण वळीनं बसतात, दाणा धरतात. झटक्यात केलं तर त्यांना वळ लावायला वेळच मिळत नाय. जिथं आहेत तिथं थिजतात. त्यात सिरियमचे कण अंगानं मोठे. बारक्यांच्या मधी आडवे येतात, जागा देत नायत." तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि आप्पांच्या खांद्यावरची घोंगडी ओढली. "ही बघा. उभा धागा, आडवा धागा, सगळं विणलेलं. साधा धातू असा असतो. अन् खोगिराखाली घालतात तो नमदा? नुसती लोकर दाबलेली, धागा कुठून कुठं जातो पत्ता नाय. माझी फीत नमद्यासारखी."

"मग झाली की फीत. आता काय उरलं?"

"ती तापवायची. तापली की नमदा आपला आपण घोंगडी व्हायला बघतो. कुठं सुरू होतं, कधी सुरू होतं, ते बघायचं."

आप्पा बराच वेळ हसले. "घोंगडीला विणकर लागतो, अंबे."

"इथं नुसती ऊब पुरते."

आता त्या फिती होतात कशा ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिथंच अडलं. काचेसारख्या एका नळीत धातूचा तुकडा ठेवतात. नळीभोवती तांब्याची पोकळ कॉइल असते, तिच्यातून वीज गेली की आतला धातू वितळतो. कॉइल स्वतः वितळू नये म्हणून तिच्या पोटातून पाणी खेळतं ठेवावं लागतं. नळीखाली तांब्याचं चाक गरगर फिरत असतं, त्याच्याही पोटात पाणी. वरून वायूचा दाब दिला की वितळलेली धार चाकावर पडते, पडताक्षणी थिजते आणि कांद्याच्या सालीएवढी पातळ चकचकीत फीत सुर्रकन बाहेर उडते. ती फीत बोटानं दुमडून बघायची. मोडली नाही तर नमदा, मोडली तर आत दाणा आलाच.

दुसऱ्या पोरी-पोरांनी आपापल्या फितींना नंबर दिले. अंबिकानं पुड्या बांधल्या आणि वर नावं घातली. एक चाकाला लागून लांब निघाली ती लंबकानी. एकीची एक बाजू काळवंडली ती काळतोंडी. एक दुमडताना जराही आवाज करत नव्हती, ती मुकी. सरांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चष्मा काढून पुसला.

"हे काय आहे?"

"नावं आहेत, सर."

"ते दिसतंय. नंबर कुठे आहेत?"

"तापमान मोजते सर, वेळ मोजते, जाडी मोजते. फितींची तोंडं ओळखते."

"अंबिका, ही प्रयोगशाळा आहे, मेंढवाडा नाही."

"व्हय सर. मेंढवाड्यात वास जास्त असतो."

सरांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. फाइलीत नंबर, पुड्यांवर नाव, असा तह झाला. तरी सर अधूनमधून विचारायचे, "एकूण फिती किती झाल्या?" आणि ती म्हणायची, "भरपूर." सर कपाळाला हात लावायचे.

मग तो उन्हाळा आला. त्याच्या आधीचे दोन्ही पावसाळे कोरडे गेलेले. जायकवाडीत पाण्यापेक्षा गाळ जास्त दिसायला लागला. शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. बीड बायपासच्या पलीकडं, सातारा भागाकडं नव्या वसाहती उठत होत्या, त्यांच्या कमानींवर सरोवर, निर्झर अशी नावं आणि कमानीखाली बायका टँकरची वाट बघत बसलेल्या. कॉलेजची टाकी खडखडीत. पाथ्रीकर सरांनी सांगितलं, पाणी येईपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही.

अंबिकानं आठवडा काढला, दुसरा काढला. नोंदणीची मुदत त्या वर्षाअखेर संपत होती. एका सकाळी ती यंत्र सांभाळणाऱ्या कडुबाकडं गेली. कडुबा खुलताबादचा, वयानं मोठा, तोंडानं फाटका.

"कडुबाभाऊ, तुमच्या गल्लीत बोअरला पाणी हाय म्हणतात."

"हाय. पर आधी हंडे, मग तुमचं चाक. हंड्याच्या रांगेत माझी बायको असती, तिच्यापुढं तुमचं चाक नाय टिकायचं."

तरी त्यानं दोन कॅन आणले. कॉइलच्या टाकीत ओतून झाकण लावलं आणि म्हणाला, "कॉइलपुरतं हाय. चाकाला थेंब नाय. अन् सरांनी नको म्हणलंय, ध्यानात हाय ना?"

"सर दोन आठवड्यांमागं म्हणाले."

"मग? हुकूम शिळा होतो व्हय?"

"उन्हाळ्यात लवकर होतो."

त्यांनी यंत्र चालवलं. एकामागून एक फिती काढल्या. चाक प्रत्येक वेळी थोडं थोडं तापत गेलं, आणि शेवटची फीत निघाली तेव्हा कडुबानं थांबलेल्या चाकावर बोट टेकवून झटक्यात मागं घेतलं. ती शेवटची फीत चांगली दुमडली, मोडली नाही. फक्त चकचकीत बाजूवर जागोजाग मंद पट्टे होते. अंबिकानं पुडीवर नाव घातलं, बांडी.

पुढचं काम उष्णता मोजायच्या यंत्रावर. फितीचा बारका तुकडा एका चिमुकल्या वाटीत, शेजारी तशीच रिकामी वाटी. दोन्ही एका ठरावीक तापमानाला नेऊन तिथंच धरून ठेवायच्या. फितीत दाणा धरायला लागला की ती उष्णता सोडते आणि पडद्यावरच्या रेषेला उंचवटा येतो. लंबकानी, काळतोंडी, मुकी, सगळ्यांचं वागणं एकसारखं. आधी काही वेळ गप्प बसायच्या, मग उंचवटा चढायचा आणि उतरायचा. बांडी गप्प बसलीच नाही. तिची रेषा पहिल्यापासून वर होती आणि तिथून नुसती उतरत गेली. चढ नाहीच. अंबिकानं दुसरा तुकडा घातला, तिसरा घातला. बांडी आपल्या म्हणण्यावर ठाम.

सरांनी रेषा पाहिली आणि दोन गोष्टींनी भडकले. पहिली म्हणजे पाणी नसताना यंत्र चालवलं. ते बोलून झालं. दुसरी म्हणजे ही रेषा.

"यंत्र तापमानाला पोचल्यावर स्थिरावायला थोडा वेळ घेतं. तू त्या थरथरीला फितीचं वागणं समजलीस. बाकी सगळ्या फिती एक सांगतात, ही एकटी वेगळं. वगळ तिला."

"रिकाम्या वाट्या ठेवून थरथर वेगळी मोजली, सर. ती वजा केली तरी उतार राहतो."

"मग फीत खराब आहे."

"दुमडली की सर. मोडली नाय."

"तुझं म्हणणं काय आहे?"

"हिच्यात दाण्याचं बी आधीच पडलेलं आहे. चाक तापलेलं होतं, फीत थंड व्हायला जरा उशीर झाला, तेवढ्यात ॲल्युमिनियमचे बारके बारके दाणे सुरू झाले. बाकीच्या बी पडायची वाट बघतात म्हणून गप्प बसतात. हिला वाट बघायचीच नाय. आहेत ते दाणे नुसते वाढतात. अन् वाढताना सिरियमला बाहेर ढकलतात. ते मोठे, हळू हलणारे, दाण्याभोवतीच गोळा होतात अन् वाट अडवतात. म्हणून रेषा उतरत जाते."

सरांनी रेषा पुन्हा हातात घेतली. म्हणणं चुकीचं नव्हतं हे त्यांना कळत होतं. पण मग ते खुर्चीत मागं टेकले आणि हळू आवाजात बोलले, "आणि चाक का तापलं, हे तू प्रबंधात काय लिहिणार?"

"पाणी नव्हतं म्हणून."

"लोक हसतील. एकदा मी बाहेरच्या परिषदेत उभा राहिलो, तर मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, मराठवाड्यात प्यायला पाणी नाही, हे काय चाकं थंड करणार. सगळं सभागृह हसलं. तेव्हापासून मी आमच्या कामात टंचाईचा ट येऊ दिला नाही. ही फीत राहिली तर तुझं ते पाण्याचं वाक्य राहणार. फीत वगळ, मी सही करतो."

सरांच्या सहीशिवाय प्रबंध जमा होत नाही. मुदत गेली की सगळी वर्षं मातीत. अंबिका उठली, पुडी पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "बांडीला काढणार नाय, सर."

"मग सही नाही."

"बरं."

तिला वाटलं, या वेळी आपल्या बाजूनं बोलणारा एक तरी माणूस आहे. आप्पा त्या उन्हाळ्यात कळप घेऊन शहराच्या कडेलाच आले होते. डोंगराकडं गवताची काडी नव्हती, आणि शहराच्या सांडपाण्याच्या नाल्याकाठी मात्र हिरवं होतं. नव्या प्लॉटांच्या रिकाम्या चौकोनांत मेंढरं बसलेली, कोपऱ्याकोपऱ्याला हद्दीचे पांढरे दगड. एका दगडावर आप्पा.

"या बाई. आपुन आता प्लॉटवाले झालो. मालक येईपर्यंत."

अंबिकानं सगळं सांगितलं. आप्पा ऐकत होते, पण नजर देत नव्हते. तिचं लक्ष शेजारी बसलेल्या बांडीकडं गेलं, खऱ्या बांडीकडं; जुन्या बांडीची ही नात, कळपात नावं पिढ्यान्पिढ्या तीच चालायची. तिच्या कानात पिवळा प्लास्टिकचा बिल्ला होता. त्याच्यावर नंबर. लंबकानीच्या कानात तसाच. सगळ्यांच्या.

"आप्पा, हे काय?"

"औषधवाले आले होते. नंबर घातल्याबिगर लस नाय, चारा नाय."

"मोजून दिली?"

"दिली." आप्पांनी तंबाखू मळला. "घसा सुकला की माणूस आकडा सांगतो, अंबे. तूबी दे टाकून. एका फितीनं काय होतं? सही घे, मोकळी हो."

अंबिकाला सरांच्या बोलण्यानं जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. ती म्हणाली, "तुम्हीच म्हणत होता ना, आकडा जुळतो अन् मेंढरू दुसऱ्याचं निघतं."

"म्हणत होतो. तवा पाऊस होता."

"मला पाऊस असला काय अन् नसला काय."

"बापावर गेली म्हणावं तर बाप इथं वाकून बसलाय. कोणावर गेली तू?"

"बांडीवर," ती म्हणाली आणि बसस्टॉपकडं चालू लागली.

दुसऱ्या दिवशी ती सरांसमोर उभी राहिली. "सर, एकदा झालं ते चुकून झालं असं तुम्ही म्हणू शकता. चाक मुद्दाम तापवून परत काढली, अन् तशीच वागली, तर?"

सरांना नाही म्हणता येईना. शास्त्राचा माणूस होता तो, एवढं तर खरं. "तर सही. पण पाणी आल्यावर. कडुबाच्या बायकोचे हंडे पुरे झाले."

पाऊस उशिरा आला पण आला, टाकी भरली, आणि मग मोठी मजा झाली. आता पाणी होतं आणि अंबिकाला चाक तापलेलं हवं होतं. कडुबा कॉइलची तोटी उघडायचा आणि चाकाची घट्ट पिळून बंद करायचा. "उन्हाळाभर पाण्यासाठी रडली, आता पाणी हाय तर नको म्हणती. घरी सांगितलं तर बायको मला वेड्यात काढील."

"थंड चाकावरची आधी काढू, कडुबाभाऊ. मग कोमट, मग तापलेलं."

सर बाजूला खुर्ची टाकून बसले होते. प्रत्येक फीत त्यांनी स्वतःच्या बोटांनी दुमडली. मग उष्णता मोजायच्या यंत्रासमोर ते उभेच राहिले. थंड चाकावरची फीत गप्प बसली आणि मग चढली. कोमट चाकावरची थोडीच गप्प बसली. तापलेल्या चाकावरची बसलीच नाही, पहिल्यापासून उतरत गेली, हुबेहूब बांडी. सरांनी तिचा दुसरा तुकडा मागितला. तोही तसाच. अजून एक मागितला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"सही करतो. फीत राहील. पण लिहायचं एवढंच की चाकाचं तापमान जास्त होतं."

"का जास्त होतं, ते लिहायचं नाय?"

"गरज नाही."

"सर, तुम्ही आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं, कारण लिहायचं. प्रत्येक गोष्टीचं."

तिनं पाणी नव्हतं असं एक वाक्य लिहून आणलं. सरांनी ते लाल पेनानं खोडलं. तिनं पुन्हा लिहून आणलं. त्यांनी पुन्हा खोडलं. तिनं पुन्हा आणलं, शब्दही न बदलता. शेवटी सर म्हणाले, "हसले तर तू उत्तर देशील. मी नाही."

"देईन."

सही झाली.

प्रबंधाच्या जाहीर परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. उंच, पांढऱ्या मिशांचे, हळू बोलणारे. मागच्या रांगेत आप्पा, धुतलेल्या धोतरात, घोंगडी मांडीवर घडी करून. त्यांच्या शेजारी कडुबा. परीक्षकांनी पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं, "या उन्हाळ्यात प्रयोगशाळेच्या टाकीत पाणी नव्हते, त्यामुळे चाक थंड ठेवता आले नाही." खोलीत कोणीतरी खुसखुसलं. पाथ्रीकर सरांची मान खाली गेली.

"हे इथं कशासाठी लिहिलंय?" परीक्षकांनी विचारलं.

अंबिका म्हणाली, "ते घडलं म्हणून, सर. प्रबंधातल्या बाकी फिती पाणी असलेल्या दिवसांच्या आहेत. ही दुष्काळातली आहे. हिच्या आतले दाणे त्या उन्हाळ्यात पडले. पाणी होतं असं दाखवलं तर दाणे कुठून आले ते सांगता येणार नाय. अन् ज्याला हसायचंय त्यानं आधी हिचं उत्तर द्यावं."

खुसखुस थांबली. परीक्षकांनी रेषा डोळ्यांजवळ नेली. "ही उतरती रेषा यंत्राची थरथर नाही कशावरून? मला खात्री नाही. नमुना क्रमांक..." ते पानं चाळू लागले, "कोणता तो, मला सापडत नाही."

आणि तेव्हा पाथ्रीकर सर उठले. त्यांनी उठायचं नव्हतं, उत्तर विद्यार्थिनीनं द्यायचं असतं. पण उठले. "थरथर नाही. मी तिथं उभा होतो. आम्ही चाक तापवून पुन्हा काढल्या, तरी बांडी तशीच..." ते थांबले. इकडंतिकडं बघितलं. "म्हणजे तो नमुना."

"बांडी?" परीक्षक म्हणाले.

"तिचं नाव आहे," सर म्हणाले आणि खाली बसले.

परीक्षकांच्या मिशा हलल्या. "दाखवा मला ती."

टेबलावर सगळ्या पुड्या एकात एक मिसळून पडल्या होत्या. अंबिकानं वरचं नाव न वाचता एक उघडली आणि मंद पट्ट्यांची फीत त्यांच्या तळहातावर ठेवली. परीक्षकांनी ती दुमडली. मोडली नाही.

"एकूण फिती किती काढल्या तुम्ही?"

अंबिकानं सरांकडं पाहिलं. सर छताकडं बघत होते.

"प्रबंधातल्यांना नंबर आहेत, सर. बाकी भरपूर."

निकाल सांगून झाला, हार-तुरे झाले, आणि ती पायऱ्यांवर आली तेव्हा आप्पा एकटेच बसलेले होते. त्यांनी सरकून जागा केली.

"मला त्यातलं काय कळलं नाय," आप्पा म्हणाले. "पर तुझ्या त्या सरानं तुझ्या मेंढराचं नाव घेतलं व्हय?"

"घेतलं."

"भर सभेत?"

"भर सभेत."

आप्पांनी घोंगडी झटकली आणि खांद्यावर टाकली. "कात्री हाय का तुझ्याकडं?"

"कशाला?"

"वाड्यावर जायचंय. ते पिवळे बिल्ले काढतो. लस टोचून झाली, चारा खाऊन झाला. आता कोणी विचारलं तर सांगू, ओळखा तोंडावरून."